नवा कर्नल कंपाइल झाला, पण संगणक सुरू होत नाही: बिघाडाची जागा कशी ओळखावी

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आयटी पार्कांत आणि डेटा सेंटरांत काम करणाऱ्या अनेकांवर, तसेच ठाणे व नवी मुंबईतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर, कधी ना कधी लिनक्सचा कर्नल, म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्रॅम यांच्यामध्ये उभा असलेला ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, स्वतः कंपाइल करण्याची, म्हणजे मूळ कोडपासून तयार करण्याची, वेळ येते. कोणाला नवा ड्रायव्हर (एखादे उपकरण चालवणारा कोड) तपासायचा असतो, कोणाला प्रकल्पासाठी स्वतःचा सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडून काम करून घेण्याचा मार्ग) जोडायचा असतो, तर कोणाच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपचे वायफाय जुन्या कर्नलला ओळखूच येत नसते. कंपाइल होणे हा त्यातला तुलनेने सोपा भाग आहे. खरी परीक्षा मशीन रीस्टार्ट केल्यावर होते. पडदा काळाच राहतो, किंवा अक्षरांचा लोंढा वाहून जातो आणि शेवटी ‘कर्नल पॅनिक’ ही, म्हणजे कर्नलला पुढे चालणे अशक्य झाल्याची, ओळ उभी राहते. अशा वेळी बहुतेक जण अंदाजाने दोन-चार पर्याय बदलतात, पुन्हा कंपाइल करतात आणि त्याच पडद्यापाशी येऊन थांबतात. संगणक नेमका कोणत्या पायरीपर्यंत पोहोचला होता, हे ठरवल्याशिवाय एकही पर्याय बदलू नये, असे माझे ठाम मत आहे. कारण ती पायरी एकदा कळली की उरलेल्या शक्यता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच राहतात.

बटण दाबल्यापासून लॉगिनचा पडदा दिसेपर्यंतचा प्रवास ठरलेल्या क्रमाने होतो. आधी मदरबोर्डवरचे यूईएफआय फर्मवेअर (बोर्डवरच साठवलेला पहिला प्रोग्रॅम) जागे होते आणि बूटलोडर शोधते. बूटलोडर, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक मशीनवर ग्रब, /बूट या फोल्डरमधून दोन फायली मेमरीत आणतो: एक कर्नलची आणि दुसरी इनिटरॅमएफएस या तात्पुरत्या, छोट्या फाइल सिस्टिमची. दाबून लहान केलेला कर्नल स्वतःला उलगडतो आणि प्रोसेसर व मेमरीचा ताबा घेतो. त्यानंतर इनिटरॅमएफएस उघडते आणि खरी डिस्क शोधून तिच्यावरची रूट फाइल सिस्टिम, म्हणजे सगळी प्रणाली जिच्यात आहे ती मुख्य फाइल सिस्टिम, माउंट करते (वापरासाठी जोडते). शेवटी त्या डिस्कवरची पहिली प्रक्रिया, म्हणजे बहुतेक ठिकाणी सिस्टिमडी, सुरू होते आणि बाकीचा सगळा संसार तीच उभा करते. ठाण्याहून वाशीला निघालेल्या गाडीने ऐरोली सोडले पण ती रबाळ्याला पोहोचली नाही, असे कळले की शोध त्या दोन स्थानकांमधल्या रुळांवरच घ्यायचा असतो, तुर्भ्याला माणसे पाठवून काही हाती लागत नाही. बूटच्या, म्हणजे संगणक सुरू होण्याच्या, बिघाडाचेही नेमके तसेच आहे.

या क्रमातली इनिटरॅमएफएस ही पायरी नीट समजून घेतली पाहिजे, कारण निम्म्याहून अधिक घोटाळे मला तिच्याच आसपास सापडलेले आहेत. उबुंटूसारख्या वितरणाचा कर्नल हजारो प्रकारच्या मशीनवर चालावा लागतो. सगळे ड्रायव्हर कर्नलच्या पोटात भरले तर तो अवाढव्य होईल, म्हणून बहुतेक ड्रायव्हर मॉड्यूल या स्वरूपात डिस्कवर वेगळे ठेवलेले असतात. पण डिस्क वाचायची तर तिचा ड्रायव्हर हवा, आणि तो ड्रायव्हर तर त्याच डिस्कवर आहे. हा पेच सोडवण्यासाठी आवश्यक तेवढी मॉड्यूल आणि काही छोटे प्रोग्रॅम एका लहानशा फाइल सिस्टिममध्ये बांधून ग्रबच्या हाती दिले जातात आणि ग्रब ते कर्नलसोबतच मेमरीत आणून ठेवतो. म्हणूनच इनिटरॅमएफएस ही प्रत्येक कर्नलची स्वतःची, त्याच आवृत्तीच्या मॉड्यूलांसह तयार केलेली असावी लागते. जुन्या कर्नलची इनिटरॅमएफएस नव्या कर्नलला जोडून भागत नाही.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी

नवा कर्नल चालला नाही म्हणून संगणक बिघडला असे होत नाही. जुना कर्नल आणि त्याची इनिटरॅमएफएस /बूटमध्ये जशीच्या तशी असते. मशीन सुरू होताना यूईएफआय असेल तर एस्केप आणि जुने बायॉस असेल तर शिफ्ट दाबल्यास ग्रबची यादी दिसते, आणि तिच्यातल्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’खाली जुना कर्नल निवडता येतो. नवा कर्नल बसवण्याआधीच ग्रबची यादी काही सेकंद दिसत राहील अशी व्यवस्था करून ठेवावी. ऐन वेळी योग्य क्षणी कळ दाबण्याची धडपड त्यामुळे वाचते. जुना कर्नलही काही कारणाने चालत नसेल, तर पेन ड्राइव्हवरून लाइव्ह उबुंटू चालवून, डिस्क माउंट करून, डेव्ह, प्रॉक आणि सिस ही फोल्डर तिच्यात जोडून ‘सीएचरूट’ने, म्हणजे त्या डिस्कवरचीच प्रणाली चालू असल्यासारखे, आत शिरता येते आणि तिथून सगळी दुरुस्ती करता येते. विद्यार्थ्यांनी असा एक पेन ड्राइव्ह दप्तरात कायमचा ठेवावा.

यानंतर संदेश दिसतील अशी सोय करायची. वितरणे ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे दोन शब्द कर्नलच्या आज्ञेत घालून ठेवतात, त्यामुळे पडद्यावर फक्त चिन्ह फिरताना दिसते आणि खरे संदेश झाकले जातात. ग्रबच्या यादीत नव्या कर्नलवर थांबून ‘ई’ ही कळ दाबली की ती आज्ञा संपादित करता येते. ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीतून हे दोन शब्द काढावेत, शेवटी ‘इग्नोर_लॉगलेव्हल’ लिहावे आणि कंट्रोल-एक्स किंवा एफ-१० दाबावे. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, म्हणून निर्धास्तपणे करावा. मजकूर झरझर सरकतो आणि ५.९ या आवृत्तीपासून कर्नलच्या कन्सोलवर वर सरकवून मागचे वाचण्याची सोय काढून टाकलेली आहे, तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ घेऊन मग तो थांबवत थांबवत वाचणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. वाचताना शेवटच्या ओळीवर समाधान मानू नये. पॅनिकची ओळ हा परिणाम असतो. कारण बहुधा तिच्या दहा-वीस ओळी आधी, एखाद्या ‘फेल्ड’ किंवा ‘कॅनॉट’ असलेल्या ओळीत दडलेले असते.

ग्रबपाशीच काम थांबले तर

कर्नलचा एकही संदेश न येता ग्रबनेच तक्रार केली, तर कर्नलच्या आतले पर्याय चाळण्यात अर्थ नाही, कारण कर्नल अजून सुरूच झालेला नसतो. ‘बॅड शिम सिग्नेचर’ असा संदेश आला, तर सिक्युअर बूट (मान्य स्वाक्षरी नसलेला कर्नल चालू न देणारी फर्मवेअरची सोय) चालू आहे आणि आपण कंपाइल केलेल्या कर्नलवर मशीनला मान्य असलेली स्वाक्षरी नाही, एवढाच त्याचा अर्थ. स्वतःची किल्ली तयार करून, ‘एसबीसाइन’ने कर्नलवर स्वाक्षरी करून आणि ‘एमओकेयूटिल’ने ती किल्ली मशीनमध्ये नोंदवून हा प्रश्न रीतसर सुटतो. घाईत अनेक जण फर्मवेअरमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करतात. सरावाच्या मशीनवर ते चालेल, पण त्याच लॅपटॉपवर विंडोज असेल आणि त्याची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर पुढच्या वेळी विंडोज रिकव्हरी की मागू शकते. ती की हाताशी असल्याची खात्री केल्याशिवाय सिक्युअर बूटला हात लावू नये.

‘आउट ऑफ मेमरी’ ही ग्रबची दुसरी तक्रार, आणि ती ऐकून लोक विनाकारण रॅम वाढवण्याचा विचार करू लागतात. उबुंटूची तयार कॉन्फिग (कर्नलच्या पर्यायांची फाइल) वापरली की डीबगची माहिती चालू असते, त्यामुळे प्रत्येक मॉड्यूल अनेक पटींनी फुगते आणि ती सगळी फुगलेली मॉड्यूल इनिटरॅमएफएसमध्ये भरली जाऊन ती फाइल कित्येक शेकडो एमबींची होते. ग्रबला तेवढी फाइल मेमरीत आणता येत नाही. मॉड्यूल बसवण्याच्या आज्ञेत ‘इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१’ हे चल दिले की डीबगची माहिती छाटली जाते आणि फाइल आटोक्यात येते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, ही तक्रार दाखवूनही ग्रब कधी कधी तसाच पुढे जातो, इनिटरॅमएफएसशिवाय कर्नल सुरू करतो आणि मग जे पॅनिक येते ते पाहून शोध भलतीकडे भरकटतो.

/बूटसाठी वेगळे, लहान पार्टिशन असेल तर ते भरले आहे का, हेही पाहावे. जागा संपली तर इनिटरॅमएफएस अर्धवट लिहिली जाते. आपल्याकडे पावसाळ्यात ऐन कामात वीज जाते आणि बॅटरी उतरलेला लॅपटॉप बंद पडतो, तेव्हाही शून्य आकाराची फाइल मागे राहू शकते. ‘एलएस -एल’ने आकार पाहणे आणि ‘एलएसइनिटरॅमएफएस’ने आतली यादी उघडते का ते पाहणे, हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

काळा पडदा

ग्रबमधून कर्नल निवडला आणि त्यानंतर काहीच दिसले नाही, ही सर्वांत गोंधळात टाकणारी अवस्था. कारण कर्नल मेला आहे की जिवंत असून फक्त पडदा बंद आहे, हे डोळ्यांना समजत नाही. कॅप्स लॉक दाबून पाहावे. दिवा चालू-बंद होत असेल तर कर्नल जिवंत आहे. लॅपटॉपच्या अंगच्या कीबोर्डवरचा दिवा आपोआप लुकलुकत असेल तर ते बहुधा पॅनिकचे लक्षण असते. आधीपासून एसएसएच (नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकात शिरण्याची सोय) चालू असेल तर शेजारच्या संगणकावरून आत शिरता येते का, हेही पाहावे. शिरता आले तर बिघाड केवळ ग्राफिक्सचा आहे, आणि शोधाचे क्षेत्र एकदम लहान होते.

अशा वेळी बहुधा आपल्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, फ्रेमबफर कन्सोल (पडद्यावर अक्षरे उमटवणारा भाग) किंवा फर्मवेअरने दिलेल्या साध्या पडद्यावर लिहिणारा सिम्पलडीआरएम हा ड्रायव्हर कॉन्फिगमधून गळलेला असतो. ‘नोमोडसेट’ हा शब्द कर्नलच्या आज्ञेत दिल्यावर संदेश दिसू लागले, तर ग्राफिक्स ड्रायव्हरकडे वळावे. त्यानेही काही दिसले नाही तर ‘अर्लीकॉन=ईएफआयएफबी’ आणि ‘कीप_बूटकॉन’ हे दोन शब्द एकत्र द्यावेत; त्यामुळे यूईएफआयच्या मशीनवर कर्नल अगदी सुरुवातीपासून पडद्यावर लिहू लागतो आणि पुढे ते बंद करत नाही.

इथे एक समज खोडून काढावासा वाटतो. मॉड्यूलच्या भानगडीत पडण्यापेक्षा सगळे ड्रायव्हर कर्नलच्या पोटातच घालावेत, म्हणजे ‘एम’ऐवजी ‘वाय’ निवडावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. डिस्क आणि फाइल सिस्टिमच्या बाबतीत तो बरोबर आहे. पण ग्राफिक्सच्या अनेक ड्रायव्हरना चालण्यासाठी फर्मवेअरच्या वेगळ्या फायली लागतात, आणि पोटातला ड्रायव्हर डिस्क माउंट होण्यापूर्वीच त्या मागतो. त्या इनिटरॅमएफएसमध्ये किंवा कर्नलमध्ये भरलेल्या नसतील तर ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड फेल्ड विथ एरर -२’ असा संदेश येतो आणि पडदा काळाच राहतो. उणे दोन म्हणजे फाइल सापडली नाही. तोच ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून ठेवला असता तर तो नंतर, फायली उपलब्ध झाल्यावर, सुरळीत चालला असता.

रूट फाइल सिस्टिम सापडत नाही

‘कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’. कर्नल कंपाइल करणाऱ्या बहुतेकांनी ही ओळ कधी ना कधी पाहिलेली असते, आणि तिच्या कंसातले दोन आकडे बहुतेकांनी वाचलेले नसतात. ते आकडे म्हणजे डिस्कचा मुख्य आणि दुय्यम क्रमांक. (०,०) असेल तर कर्नलला कोणते उपकरण उघडायचे हेच कळलेले नाही. (८,१) असेल तर साटा किंवा यूएसबी प्रकारच्या पहिल्या डिस्कचे पहिले पार्टिशन त्याने ओळखले आहे, आणि २५९ ने सुरू होत असेल तर बहुधा एनव्हीएमईचे, म्हणजे नव्या वेगवान एसएसडीचे, पार्टिशन ओळखले आहे. म्हणजे डिस्कचा ड्रायव्हर आहे, पण तिच्यावरची फाइल सिस्टिम वाचता आलेली नाही. अशा वेळी ईएक्सटी४, एक्सएफएस किंवा बीटीआरएफएस यांपैकी आपल्या डिस्कवर जी असेल तिचा पर्याय तपासावा. पॅनिकच्या थोडे वर कर्नल स्वतःच त्याला दिसलेल्या पार्टिशनांची यादी छापतो. ती यादी रिकामी असेल तर दोष डिस्कच्या ड्रायव्हरचा, आणि यादीत आपले पार्टिशन असेल तर दोष पत्त्याचा किंवा फाइल सिस्टिमचा, इतकी स्पष्ट विभागणी तिथेच होते.

उबुंटूवर (०,०) आले तर माझा पहिला संशय नेहमी इनिटरॅमएफएसवर जातो. कारण असे की, ग्रब रूटचा पत्ता यूयूआयडीच्या, म्हणजे फाइल सिस्टिमच्या स्वतंत्र ओळखक्रमांकाच्या, रूपात देतो, आणि फाइल सिस्टिमचा यूयूआयडी वाचून पार्टिशन शोधण्याचे काम इनिटरॅमएफएसमधले प्रोग्रॅम करतात. कर्नलला एकट्याला ते येत नाही. कर्नलला स्वतःहून समजतो तो पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळखक्रमांक), किंवा /डेव्ह/एसडीए२ यासारखे सरळ नाव. म्हणून जाणीवपूर्वक इनिटरॅमएफएसविना कर्नल चालवायचा असेल, तर डिस्कचा ड्रायव्हर आणि फाइल सिस्टिम दोन्ही ‘वाय’ हवेत आणि रूटचा पत्ता पार्टयूयूआयडीने द्यायला हवा. तसा हेतू नसेल, तर /बूटमध्ये नव्या आवृत्तीच्या नावाची इनिटआरडी (म्हणजे इनिटरॅमएफएसचीच) फाइल आहे का आणि ग्रबच्या नोंदीत तिची ओळ आहे का, हे आधी पाहावे. नसेल तर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के’ पुढे आवृत्तीचे पूर्ण नाव देऊन ती तयार करावी आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवावे. फाइल असूनही हेच पॅनिक येत असेल, तर वरच्या संदेशांत ‘इनिटरॅमएफएस अनपॅकिंग फेल्ड’ ही ओळ शोधावी. अलीकडची उबुंटू ही फाइल झेडएसटीडी पद्धतीने दाबते, आणि आपल्या कर्नलमध्ये ती उलगडण्याचा पर्याय बंद असेल तर ‘कम्प्रेशन मेथड झेडएसटीडी नॉट कॉन्फिगर्ड’ असे कर्नल स्पष्ट शब्दांत सांगतो.

इनिटरॅमएफएस उघडली, पण डिस्क मिळाली नाही, तर चित्र वेगळे दिसते. पॅनिक येत नाही, ‘अलर्ट! यूयूआयडी... डज नॉट एक्झिस्ट. ड्रॉपिंग टू अ शेल’ असे लिहून येते आणि इनिटरॅमएफएस असे नाव असलेला प्रॉम्प्ट लुकलुकत राहतो. ऐरोलीच्या एका विद्यार्थिनीचा लॅपटॉप गेल्या सत्रात नेमका इथे अडकला होता. तिने महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या वेगवान डेस्कटॉपवर ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ चालवून कॉन्फिग आटोपशीर केली होती, त्यातून डेब पॅकेजे (उबुंटूवर बसवता येणाऱ्या फायली) तयार केली होती आणि पेन ड्राइव्हने ती आपल्या लॅपटॉपवर आणून बसवली होती. त्या प्रॉम्प्टवर तिने आधी ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ लिहून पत्ता बरोबर असल्याचे पाहिले, मग ‘बीएलकेआयडी’ चालवले तर काहीच छापले गेले नाही, आणि ‘एलएस /डेव्ह’च्या यादीत एनव्हीएमई हे अक्षरही नव्हते. म्हणजे पत्ता बरोबर होता, पण कर्नलला डिस्कच दिसत नव्हती. जुन्या कर्नलने लॅपटॉप सुरू करून ‘एलएसपीसीआय -के’ चालवल्यावर उलगडा झाला: तिची एनव्हीएमई डिस्क इंटेलच्या व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरच्या मागे होती, आणि तिला एनव्हीएमई व व्हीएमडी असे दोन्ही ड्रायव्हर लागत होते. लोकलमॉडकॉन्फिग ही आज्ञा ज्या मशीनवर चालवतो त्या मशीनमध्ये त्या क्षणी चालू असलेली मॉड्यूलच तेवढी ठेवते. प्रयोगशाळेतला डेस्कटॉप साटा डिस्कचा होता, त्यामुळे हे दोन्ही ड्रायव्हर छाटले गेले होते.

यावर उपाय सोपा आहे आणि तो फारसा कोणी वापरत नाही. लॅपटॉपवर ‘एलएसमॉड’चे उत्तर एका फाइलमध्ये साठवावे, ती फाइल डेस्कटॉपवर न्यावी आणि ‘मेक एलएसमॉड=’ पुढे तिचा पत्ता देऊन लोकलमॉडकॉन्फिग चालवावे. त्यापूर्वी लॅपटॉपला जे जे जोडायचे असते ते, म्हणजे यूएसबी माउस, बाहेरची हार्ड डिस्क, प्रोजेक्टर, नेटवर्कचा डोंगल, सगळे एकदा जोडून घ्यावे, म्हणजे त्यांची मॉड्यूल यादीत येतात. कर्नलमध्ये आज दहा हजारांहून अधिक पर्याय आहेत. ते हाताने चाळून आपल्या मशीनपुरते निवडणे कोणालाही झेपणारे नाही, तेव्हा चालू असलेल्या कर्नलची /बूटमधली कॉन्फिग घेऊन, ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ने ती नव्या आवृत्तीशी जुळवून, आधी तसाच कर्नल चालतो याची खात्री करावी आणि मगच काटछाट सुरू करावी. यात वेळ अधिक जातो, पण बिघडलेच तर कोणत्या बदलाने बिघडले हे माहीत असते.

या प्रॉम्प्टविषयी आणखी थोडे. डिस्क कूटबद्ध असेल तर डीएम-क्रिप्ट, एलव्हीएम (डिस्कची जागा लवचीकपणे विभागण्याची पद्धत) असेल तर डिव्हाइस मॅपर यांचे पर्याय गळलेले असू शकतात. रूट यूएसबी डिस्कवर असेल तर ती जागी व्हायला वेळ लागतो आणि ‘रूटडिले=१०’ एवढ्याने काम भागते. प्रॉम्प्ट दिसतो पण टाइप होत नाही, असे झाले तर यूएसबी कंट्रोलरचा किंवा एचआयडीचा (कीबोर्ड-माउससारख्या उपकरणांचा) ड्रायव्हर नाही असे समजावे.

डिस्क मिळाली, पण पुढे गाडे अडले

‘रन /इनिट ॲज इनिट प्रोसेस’ ही ओळ दिसली म्हणजे कर्नलने आपले काम करून सूत्रे पुढे दिली. त्यानंतर ‘फेल्ड टू एक्झिक्यूट’ आणि उणे आठ असा क्रमांक आला, तर ती फाइल आहे पण तिचा प्रकार कर्नलला चालवता येत नाही. इनिटरॅमएफएसमधली इनिट ही शेलची स्क्रिप्ट असते, आणि काटछाटीच्या उत्साहात स्क्रिप्ट चालवण्याचा किंवा ईएलएफचा (लिनक्सच्या प्रोग्रॅम फायलींच्या प्रकाराचा) पर्याय बंद केला गेला की हे होते. ‘नो वर्किंग इनिट फाउंड’ हा संदेश बहुधा चुकीचे पार्टिशन रूट म्हणून माउंट झाल्याचे दाखवतो.

सिस्टिमडी सुरू होऊन मशीन ‘इमर्जन्सी मोड’मध्ये अडकले, तर पासवर्ड देऊन आत जावे आणि ‘जर्नलसीटीएल -एक्सबी’ वाचावे. इथे वारंवार आढळणारे एक कारण फारच क्षुल्लक वाटते. यूईएफआयचे /बूट/ईएफआय हे पार्टिशन फॅट पद्धतीचे असते, आणि ते माउंट करायला फॅटच्या ड्रायव्हरशिवाय सीपी४३७ आणि आयएसओ८८५९-१ या अक्षरसंचांची मॉड्यूल लागतात. ती गळली की ते माउंट होत नाही, आणि एफएसटॅबमध्ये (माउंट करायच्या पार्टिशनांच्या यादीत) त्याची नोंद अनिवार्य म्हणून असल्यामुळे सगळी प्रणाली अडून राहते. सिस्टिमडीला स्वतःलाही डेव्हटीएमपीएफएस, सीग्रुप्स, टीएमपीएफएस यांसारखे पर्याय लागतात. ती यादी त्याच्या मूळ कोडसोबतच्या रीडमी फाइलमध्ये दिलेली आहे आणि काटछाट करण्यापूर्वी ती वाचावी.

लॉगिन झाले पण वायफाय, आवाज, टचपॅड सगळेच गायब असेल, तर ‘यूनेम -आर’ने मिळणारे नाव आणि /लिब/मॉड्यूल्समधल्या फोल्डरचे नाव अक्षर न् अक्षर जुळते का, ते पाहावे. ‘मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ राहून गेलेले असते, किंवा कर्नल एका नावाने आणि मॉड्यूल दुसऱ्या नावाने बसलेली असतात. एनव्हीडियाचा बंदिस्त (मूळ कोड खुला नसलेला) ड्रायव्हर कर्नलच्या कोडमध्ये नसतो, त्यामुळे तो प्रत्येक नव्या कर्नलसाठी डीकेएमएस या साधनाने वेगळा बांधावा लागतो.

सर्व्हर दूर असेल तर

महापे किंवा रबाळ्याच्या डेटा सेंटरमधला सर्व्हर आणि त्याला सांभाळणारा माणूस ठाण्यात घरी, अशी परिस्थिती आता नेहमीची आहे, आणि तिथे ग्रबची यादी पाहायला रात्री कोणी जाऊ शकत नाही. आयपीएमआय (सर्व्हर दुरून हाताळण्याची हार्डवेअरमधली सोय) असेल तर कर्नलच्या आज्ञेत सीरियल कन्सोल जोडून, नेटवर्कवरून त्याचे संदेश घरबसल्या वाचता येतात. याहून महत्त्वाची व्यवस्था अशी: ग्रबच्या सेटिंगमध्ये ‘ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड’ ठेवून जुना कर्नल कायमचा निवडावा, नव्या कर्नलच्या आज्ञेत ‘पॅनिक=१०’ घालावे आणि ‘ग्रब-रीबूट’ या आज्ञेने नवा कर्नल फक्त पुढच्या एका वेळेसाठी निवडावा. नवा कर्नल पॅनिक झाला तर दहा सेकंदांत मशीन आपोआप रीस्टार्ट होते आणि जुन्या कर्नलवर परत येते. उबुंटूच्या इनिटरॅमएफएसमध्ये हाच शब्द डिस्क न मिळाल्यास प्रॉम्प्टवर न थांबता रीस्टार्ट करवतो, त्यामुळे तोही धोका टळतो.

या व्यवस्थेच्या दोन मर्यादा कामाला लागण्यापूर्वीच माहीत असाव्यात. कर्नल पॅनिक न होता नुसताच गोठला तर ती उपयोगी पडत नाही; तिथे हार्डवेअर वॉचडॉग (गोठलेले मशीन आपोआप रीस्टार्ट करणारा घटक) किंवा आयपीएमआयवरून वीज बंद-चालू करणे हाच मार्ग उरतो. आणि /बूट हे एलव्हीएम किंवा रेडवर (अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या रचनेवर) असेल तर ग्रबला ‘एकदाच’ ही खूण पुसता येत नाही, त्यामुळे मशीन पुन्हा पुन्हा त्याच नादुरुस्त कर्नलवर जात राहू शकते.

खऱ्या मशीनला हात लावण्याआधी क्यूईएमयूमध्ये, म्हणजे आभासी संगणकात, कर्नल चालवून पाहणे मला फार मोलाचे वाटते. इनिटरॅमएफएस किंवा डिस्क काहीही न देता नुसता कर्नल तिथे चालवला तरी तो शेवटी व्हीएफएसच्या त्याच पॅनिकपर्यंत पोहोचला पाहिजे. तिथवर पोहोचला म्हणजे त्याचा गाभा शाबूत आहे आणि आपण लिहिलेल्या सिस्टिम कॉलने सुरुवातीलाच घात केलेला नाही, हे काही सेकंदांत कळते. आपल्या लॅपटॉपची डिस्क मात्र तो ओळखेल की नाही, हे तिथे समजत नाही.

कॉन्फिग तीच, मशीन तेच, तरीही एक आवृत्ती चालते आणि तिच्या पुढची चालत नाही, असे नक्की झाले, तर दोष कर्नलच्या कोडमधल्या एखाद्या बदलात असण्याची शक्यता असते. कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि तिच्यात दहा हजारांहून अधिक बदल असतात, पण ‘गिट बायसेक्ट’ ही चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या आवृत्तीच्या मधला बदल तपासायला देणारी आज्ञा दर वेळी शोधाचे क्षेत्र निम्मे करत असल्यामुळे चौदाच्या आसपास फेऱ्यांत दोषी बदल सापडतो. एखाद्या टप्प्यावरचा कोड कंपाइलच झाला नाही तर ‘गिट बायसेक्ट स्किप’ म्हणून पुढे जावे. त्याला चांगले किंवा वाईट असे अंदाजाने ठरवू नये, कारण एक चुकीचे उत्तर पुढच्या सगळ्या फेऱ्या वाया घालवते. त्याच कारणाने ‘लोकलव्हर्जन_ऑटो’ हा पर्याय चालू ठेवावा, म्हणजे प्रत्येक कर्नलच्या नावात त्या त्या बदलाची ओळख आपोआप जोडली जाते, आणि उत्तर नोंदवण्यापूर्वी ‘यूनेम -आर’ पाहून आपण नुकताच कंपाइल केलेला कर्नलच चालू आहे, मागच्या फेरीतला नाही, याची खात्री करता येते. प्रत्येक फेरीनंतर जुन्या फेरीच्या फायली /बूटमधून आणि /लिब/मॉड्यूल्समधून काढत जाव्यात, नाहीतर जागा संपून मधल्याच एखाद्या फेरीत अर्धवट इनिटरॅमएफएस तयार होते आणि चांगल्या कर्नलवर वाईट असा शिक्का बसतो.